गरजूंसाठी आधार देणाऱ्या केंद्राचं नियोजन: आलेल्या माणसाचं काम तडीस जावं म्हणून

गरजू लोकांसाठी केंद्र काढायचं ठरलं की पहिली बैठक बहुतेकदा जागेवरच होते. कुणाची इमारत मिळेल, खोल्या किती, पाटी कशी असावी, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. हा क्रम उलटा आहे. आधी एक माणूस डोळ्यांपुढे आणा: काम सुटलंय, भाडं थकलंय, कडेवर लहान मूल आहे आणि हातात अर्धवट भरलेला अर्ज. हा माणूस दारातून आत आला इथपासून त्याचं काम झालं इथपर्यंत काय काय घडेल ते एका कागदावर ओळीने लिहा. त्याला कोण भेटेल, तो कुठे बसेल, त्याला काय विचारलं जाईल, त्याच्या उत्तरावर कोण काय हालचाल करेल, दोन आठवड्यांनी विचारपूस कोण करेल. ज्या पायरीवर 'मग बघू' असं लिहावं लागतं, तिथे तुमचं केंद्र अजून तयार नाही. जागा, माणसं, पैसा या सगळ्याचे निर्णय या कागदावरून घ्यायचे असतात.

अशा तीन-चार वेगवेगळ्या माणसांचे कागद करा. एकटी राहणारी वृद्ध बाई, घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेली तरुणी, व्हीलचेअरवरचा मुलगा आणि त्याचे वडील, वाचता न येणारा कामगार. प्रत्येकाचा कागद वेगळ्या ठिकाणी अडतो, आणि पुढच्या सगळ्या तयारीची यादी तिथेच सापडते.

गरज विचारायची कशी

'तुम्हाला कशाची गरज आहे?' हा प्रश्न विचारू नका. समोरचा माणूस तुमच्याकडे बघतो, तुम्ही काय देऊ शकाल याचा अंदाज घेतो आणि तेच मागतो. धान्य वाटणाऱ्यांना धान्य मागितलं जातं, डॉक्टरांना औषध. त्याऐवजी असं विचारा: 'गेल्या महिन्यात कशापायी अडलात? तेव्हा कुणाकडे गेलात? तिथे काय झालं?' तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. मदत अस्तित्वात असूनही माणसापर्यंत का पोचली नाही, ते तिथे कळतं. एक कागद कमी होता, वेळ कामाच्या तासांत होती, खिडकीवरचा माणूस ओरडला, बसभाडं नव्हतं.

अशा ३० ते ४० सविस्तर मुलाखती एका वस्तीचं चित्र स्पष्ट होण्याइतक्या असतात. त्यानंतर तीच उत्तरं पुन्हा पुन्हा यायला लागली की थांबा. सभा बोलावून मतं घेतलीत तर जे बोलू शकतात तेच बोलतील. रात्रपाळीचे कामगार, घराबाहेर न पडणाऱ्या बायका, आजारी माणसाची देखभाल करणारे, बोली वेगळी असलेले यांच्याकडे त्यांच्या वेळेला तुम्हीच जायला हवं. शिवाय शाळेतले शिक्षक, परिचारिका, दुकानदार, रिक्षाचालक यांच्याशी बोला. कुणाच्या घरी काय बिनसलंय हे त्यांना आधी कळतं.

ही पद्धत जुनी आहे. १८८९ मध्ये शिकागोत जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल हाऊस हे वस्तीतलं मदत केंद्र सुरू केलं. तिथे राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी आसपासच्या वस्तीत घराघरांत कोण राहतं आणि त्यांची कमाई किती, याचे नकाशे १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. मदत करण्याआधी आणि करत असताना वस्ती मोजत राहणं हे या कामाचं अंग आहे, एकदाच उरकायचा सोपस्कार नव्हे.

या मुलाखती चालू असतानाच करायचं दुसरं काम: आधीपासून कोण काय देतं याची वही. प्रत्येक सेवेपुढे पात्रता, वार-वेळ, लागणारी कागदपत्रं, किती दिवस थांबावं लागतं आणि तिथल्या माणसाचं नाव लिहा. ही माहिती पत्रकावरून उतरवू नका. फोन लावा, जमेल तिथे स्वतः जाऊन रांगेत उभे राहा. बंद पडलेल्या सेवेचा पत्ता देणं हे काहीच न देण्याहून वाईट, कारण माणसाचा एक दिवस, प्रवासखर्च आणि पुन्हा कुणाला विचारायची उमेद, तिन्ही जातात. वही दर तीन महिन्यांनी तपासायची, आणि हे काम एका ठरावीक व्यक्तीच्या नावावर लावायचं. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच नसतं.

कमी सेवा, पण शेवटपर्यंत

आता गरजांची यादी पुढे ठेवा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: किती जणांना लागते, आधी कोण करतं, आणि आपल्याला ती शेवटपर्यंत नेता येईल का. निर्णय तिसऱ्या रकान्यावर करा. पहिल्या वर्षी दोन, फार तर तीन सेवा घ्या.

कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर आमचं ठाम मत कागदपत्रांच्या मदतीकडे झुकतं. ओळखीचा पुरावा, जन्मनोंद, उत्पन्नाचा दाखला, भाड्याचा करार, अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांतलं एक काही नसलं की घर, शाळा, उपचार, पेन्शन सगळंच अडून बसतं. या कामाला जागा थोडी लागते, सामान एक संगणक, प्रिंटर, स्कॅनर आणि कुलूपबंद कपाट एवढंच. चिकाटी आणि नियमांची नेमकी माहिती मात्र भरपूर लागते. जोडीला एक वस्तुरूप मदत आणि एक माणसाच्या सहवासाची सेवा घ्या, म्हणजे समुपदेशन, मुलांचा अभ्यास किंवा वृद्धांची बैठक यांपैकी एखादी.

पहिल्या वर्षी तीन गोष्टी टाळा: रात्रीचा निवारा, प्रत्यक्ष उपचार आणि रोख उसनवारी. निवाऱ्याचा हिशोब मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो, म्हणजे एक जागा सतत भरलेली ठेवायला ४.२ माणसं, रजा आणि आजारपण धरून ५. रात्री कुणालाही एकटं ठेवायचं नसतं, म्हणून एका वेळी दोघं. झाली १० माणसं, आणि अजून स्वच्छता, जेवण धरलेलंच नाही. उसनवारीत तर मदत मागायला आलेला माणूस कर्जदार होतो आणि हप्ता चुकला की केंद्रात यायचं टाळतो. नेमकी मदत हवी असते तेव्हा.

किती जणांना भेटू शकू

नियोजनात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एक पूर्णवेळ कार्यकर्ता आठवड्याला ४० तास काम करतो म्हणून ४० भेटी होतील असं धरलं जातं. प्रत्यक्षात निम्मा वेळ फोन, पाठपुरावा, नोंदी, सोबत जाणं यात जातो, आणि तो तसा जायलाच हवा. उरले २० तास. भेट ४५ मिनिटांची आणि नोंद लिहायला १५ मिनिटं, म्हणजे २० भेटी. एका माणसाचं काम तडीस जायला सरासरी चार भेटी लागतात असं धरलं तर त्या कार्यकर्त्याला आठवड्याला नवीन माणसं फक्त ५ घेता येतात. वर्षात ४८ आठवडे काम झालं तर २४०.

आकडा लहान वाटतो, आणि तो वाढवायचा मोह होतो. नवीन माणसं १० घेतली की जुन्यांच्या भेटी लांबतात, पाठपुरावा सुटतो, आणि तीच माणसं तेच काम घेऊन परत येतात. गर्दी वाढलेली दिसते, काम पुढे सरकलेलं नसतं. स्वतःच्या केंद्रातली सरासरी चार आहे की सहा, हे पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदींवरून काढा आणि हिशोब पुन्हा करा. क्षमता संपली की प्रतीक्षायादी ठेवा आणि माणसाला खरी तारीख सांगा. 'लवकरच बोलावू' ही तारीख नव्हे.

बसायच्या जागेचा हिशोबही असाच साधा आहे: तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा थांबायचा वेळ. तासाला १२ जण आले आणि प्रत्येकजण ४० मिनिटं थांबला तर एका वेळी सरासरी ८ जण आत असतात. सरासरीवर खुर्च्या मांडायच्या नाहीत, दुप्पट धरा, १६. सोबत आलेले नातेवाईक आणि मुलं वेगळी. दार उघडतानाच सगळ्यात जास्त गर्दी होत असेल तर त्याचं कारण बहुधा टोकन संपण्याची भीती असते. टोकनवर नंबराऐवजी वेळ लिहून द्या आणि दिवसातल्या ६० टक्के भेटी आधी ठरवलेल्या, ४० टक्के आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवा. सगळ्याच वेळा आगाऊ भरल्या तर ज्याच्यावर आजच संकट कोसळलंय त्याला जागा उरत नाही.

जागा

तळमजला, बसथांब्यापासून चालत जाण्याजोगं अंतर, रात्री उजेड असलेला रस्ता. पोलीस चौकी, राजकीय पक्षाचं कार्यालय किंवा प्रार्थनास्थळ यांच्याशी प्रवेशद्वार सामाईक नको, कुणाला ना कुणाला ते ओलांडणं अवघड जातं. दारावर 'निराधारांसाठी' अशी पाटी लावू नका. केंद्राचं नाव साधं असू दे आणि त्याच दारातून वाचनालय, अभ्यासिका, आरोग्य तपासणी असं काही सगळ्यांसाठीही चालू असू दे. मग आत जाणारा कशासाठी जातोय हे शेजाऱ्यांना कळत नाही. लाजेपायी न येणारी माणसं एवढ्याशा गोष्टीने येऊ लागतात.

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे दर १ सेंटिमीटर उंचीला किमान १२ सेंटिमीटर लांबी हवी. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, वर-खाली प्रत्येकी १.५ मीटरची सपाट जागा धरली तर ८.४ मीटर. जागा भाड्याने घेण्याआधी ही लांबी टेपने मोजा. करार झाल्यावर कळलं की रॅम्प बसत नाही, तर मग लाकडी फळी टाकली जाते आणि तिच्यावरून व्हीलचेअर घसरते. रॅम्पची रुंदी १२० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना साधारण ९० सेंटिमीटर उंचीवर कठडा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, आत व्हीलचेअर वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं हवं, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. स्वागताच्या टेबलाचा एक भाग ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीचा ठेवा. काचेची खिडकी आणि त्यातलं बोलायचं भोक मात्र अजिबात नको.

बसायच्या दालनात माणशी दीड ते दोन चौरस मीटर धरा. पिण्याचं पाणी, फोन चार्ज करायची सोय आणि न विचारता वापरता येणारं स्वच्छतागृह ठेवा. ज्याला राहायला घर नाही त्याच्यासाठी ही स्वतंत्र सेवाच आहे, त्यासाठी नावनोंदणीची अट घालू नका. मुलांचा कोपरा पालकांच्या नजरेच्या टप्प्यात असावा, दुसऱ्या खोलीत नव्हे. आपत्कालीन दारं बाहेर उघडणारी, त्यांच्यापुढे देणगीचे खोके रचलेले नकोत.

बोलायच्या खोल्यांवर सगळ्यात जास्त काळजी खर्च करा. खोली ९ ते १० चौरस मीटरची पुरते. मांडणी अशी की दोन खुर्च्या एकमेकींशी काटकोनात असतील, मध्ये मोठं टेबल नसेल आणि दोघांनाही दारापर्यंत मोकळी वाट असेल. कार्यकर्त्याची खुर्ची दाराच्या जवळची. दाराला काचेची उभी पट्टी अशी बसवा की उभा माणूस दिसेल, पण बसलेल्याचा चेहरा बाहेरून दिसणार नाही. आता आवाज. एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचावं, दुसऱ्याने बाहेरच्या खुर्चीवर बसून ऐकावं. शब्द कळले तर खोली नापास. दोष बहुधा दोन ठिकाणी सापडतो: दाराखालची फट, आणि खोट्या छतापाशीच संपणारी भिंत, जिच्यावरून आवाज सहज पलीकडे उतरतो. दाराखाली रबराची पट्टी लावा आणि भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न्या. हे जमत नसेल तर प्रतीक्षेच्या खुर्च्या त्या भिंतीपासून लांब न्या.

पहिली पंधरा मिनिटं

आत आलेल्या माणसाला आधी बसवा, मग बोला. स्वागताला बसणाऱ्याने एवढंच विचारायचं: 'आज कशासाठी आलात?' नाव, पत्ता, उत्पन्न हे भर दालनात मोठ्याने विचारायचं नाही. त्याच वेळी चार गोष्टी हळूच चाचपायच्या: आज रात्री झोपायला जागा आहे का, आज काही खाल्लंय का, कुणापासून धोका आहे का, रोजचं औषध संपलंय का. यांतल्या एकाचंही उत्तर अडचणीचं असेल तर त्या माणसाला रांग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची, म्हणजे संकटातल्या माणसाला द्यायच्या पहिल्या आधाराची, जी पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन पायऱ्यांचं आहे: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. स्वागतापासून स्वयंसेवकांपर्यंत प्रत्येकाला हे शिकवा. त्यात समुपदेशनाची पदवी लागत नाही. घडलेलं सगळं खोदून विचारायचं नाही, 'होईल सगळं नीट' असं खोटं आश्वासन द्यायचं नाही, माणसाला एकटं सोडायचं नाही.

नोंदणीचा अर्ज एका पानाचा ठेवा. प्रत्येक प्रश्नावर एकच कसोटी लावा: याचं उत्तर वेगळं आलं तर आपण काही वेगळं करणार आहोत का? नसेल तर प्रश्न काढून टाका. जात, धर्म, लग्न, आजार यांचे रकाने सवयीने घातले जातात आणि माणूस तिथेच मिटतो. अर्ज हातात देऊन 'भरा' म्हणू नका. सगळ्यांनाच विचारा, 'मी लिहून घेऊ का?' म्हणजे वाचता न येणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

गुप्ततेच्या मर्यादा माणसाने बोलायला सुरुवात करण्याआधी सांगा, नंतर नाही. 'तुम्ही सांगाल ते इथल्या अमुक दोघांनाच कळेल. पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल, आणि त्याआधी मी तुमच्याशी बोलेन.' हे आपल्या शब्दांत पाठ असलं पाहिजे. मग फोन नंबर घेताना विचारा: हा फोन आणखी कोण उचलतं? निरोप ठेवला तर चालेल का? कोणत्या वेळी करू? हे न विचारता केलेला एक फोन मारहाण सोसणाऱ्या बाईला महागात पडू शकतो. भाषा वेगळी असेल तर दुभाषी बाहेरचा हवा. सोबत आलेल्या मुलाला दुभाषी करू नका. आईने त्याच्यापासून काय लपवलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं.

शब्दांचंही बघा. 'लाभार्थी' म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली अशी उतरंड आपोआप तयार होते. 'आलेली व्यक्ती', 'येणारे' हे शब्द पुरतात.

पुढे पाठवणं

आपल्याकडे नसलेल्या सेवेसाठी माणसाला दुसरीकडे पाठवावं लागणारच, आणि सगळ्यात जास्त माणसं हरवतात ती याच पायरीवर. चिठ्ठीवर पत्ता लिहून देणं ही अर्धी मदतही नाही. त्याच्या संमतीने, त्याच्यासमोर फोन लावा. तिकडच्या माणसाचं नाव, दिवस, वेळ आणि न्यायचे कागद ठरवून घ्या आणि ते मोठ्या अक्षरांत लिहून द्या. कसं जाणार, भाडं आहे का, मूल कुणाकडे ठेवणार हे विचारा. घाबरलेला असेल तर पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जा. तीन दिवसांनी एक फोन, दोन आठवड्यांनी दुसरा.

ज्या संस्थांकडे वरचेवर पाठवता त्यांच्याशी एक पानाचा लेखी करार करा: ते कुणाला घेतील आणि कुणाला नाही, आठवड्याला किती जण, संपर्काची व्यक्ती आणि ती रजेवर असताना दुसरी कोण, आणि निकाल आपल्याला कसा कळवतील. फाइलवर शेरे चारच: सेवा मिळाली, पोचले पण वाट बघताहेत, नाकारलं (कारणासह), पोचले नाहीत. फाइल फक्त पहिल्या शेऱ्यावर बंद होते, किंवा त्या व्यक्तीनेच 'आता नको' म्हटलं तर. एकाच कारणाने तीन जण नाकारले गेले की ती अडचण त्या माणसांची नसून व्यवस्थेची आहे. अशा वेळी आपल्या केंद्राच्या समन्वयकाने त्या संस्थेच्या वरिष्ठांकडे जायचं.

वस्तू आणि अन्न

भरलेल्या पिशव्या वाटण्यापेक्षा फळ्यांवर वस्तू मांडा आणि ठरावीक संख्येत निवडू द्या. नको असलेलं वाया जात नाही आणि माणूस मागणारा न राहता निवडणारा होतो. माल जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर, भिंतीपासून सुटा. ज्याची मुदत आधी संपते तो पुढे. शिजवलेलं अन्न गरम असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड असेल तर ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाकून द्यायचं, कितीही जिवावर आलं तरी. उशिरा येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेलं अन्न हाच सगळ्यात मोठा धोका. थर्मामीटर आणि तापमानाची वही याशिवाय स्वयंपाकघर सुरू करू नका.

जुने कपडे सरसकट स्वीकारू नका. निवडायला माणसं आणि जागा दोन्ही खातात. काय हवं त्याची यादी लावा, बाकीचं नम्रपणे परत करा. आणि देताना-घेताना फोटो नाही. देणगीदाराला आकडे आणि पावत्या द्या, चेहरे नव्हे.

माणसं

स्वागताला सगळ्यात नवख्या स्वयंसेवकाला बसवायची चाल आहे, ती मोडा. तिथे सगळ्यात शांत आणि अनुभवी माणूस हवा. केंद्रातली भांडणं बहुतेक वेळा तिथेच पेटतात, आणि कारण उशिरापेक्षाही उशीर किती ते न सांगणं हे असतं. दर २० मिनिटांनी दालनात येऊन कुणाला किती वेळ लागेल ते सांगायची पद्धत घाला. आवाज चढला तर वाद घालायचा नाही, बाकीच्यांना बाजूला न्यायचं, आणि दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवायचा एक ठरलेला शब्द सगळ्यांना माहीत असायचा.

स्वयंसेवकांना 'जमेल तेव्हा या' सांगू नका. ठरलेला वार, तीन-चार तासांची पाळी, लेखी काम. लागतील त्याच्या दीडपट नावं यादीत ठेवा, गैरहजेरी होतेच. घेताना दोन ओळखीच्या व्यक्तींकडून चौकशी, मुलांशी संबंध येणार असेल तर कायद्याने लागणारी पडताळणी, आणि सहा आठवडे अनुभवी व्यक्तीसोबतच काम. नियम थोडे पण पक्के: इमारतीत कुणीही एकटं नाही, मुलासोबत नजरेआड एकटं कुणी नाही, स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, स्वतःचे पैसे द्यायचे नाहीत. शेवटचा नियम निष्ठुर वाटतो. पण एकाने खिशातून दिले की दुसऱ्या दिवशी न देणारा सहकारी वाईट ठरतो.

दिवसाअखेर १५ मिनिटं एकत्र बसा, आणि प्रत्येक कार्यकर्त्याला पंधरा दिवसांतून एकदा तासभर, त्याच्या मनावर आलेल्या ओझ्याबद्दल बोलायला वरिष्ठ मिळू दे. ही बैठक गर्दीच्या आठवड्यात रद्द होते, आणि तेव्हाच ती सर्वांत जास्त लागते. कार्यकारिणीत स्वतः अशा अडचणीतून गेलेल्या किमान दोघा-तिघांना घ्या. एकटाच असेल तर तो बोलत नाही. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेला रोज केंद्राने द्यावा.

पैसा

इमारत, संगणक, गाडी यांना देणगी मिळते, कारण त्यावर नाव घालता येतं. पगार, वीज, दुरुस्ती यांना मिळत नाही. म्हणून आधी तीन वर्षांचा चालू खर्च मांडा, मग इमारतीचा विचार करा. सुरुवातीचा आराखडा म्हणून शंभर भाग असे धरता येतात: मानधन आणि पगार ६०, जागा १५, वीज-फोन-छपाई-विमा १०, थेट मदत १०, अनपेक्षित ५. सेवा वस्तुरूप असतील तर प्रमाण बदलेल. पण पगाराचा भाग लाजून कमी दाखवू नका, इथे माणसं हेच साधन आहे.

सहा महिन्यांचा चालू खर्च बँकेत जमल्याशिवाय दार उघडू नका. कुठल्याही एका देणगीदाराचा वाटा एक-तृतीयांशापेक्षा जास्त होऊ नये असा प्रयत्न ठेवा, नाहीतर सेवा कोणत्या हे तो ठरवू लागतो. विशिष्ट कामासाठी आलेला पैसा वेगळ्या खात्यात नोंदवा. पैसे देणारा आणि हिशोब लिहिणारा वेगळा, धनादेशावर दोन सह्या, किरकोळ खर्चाची रक्कम ठरलेली आणि प्रत्येक व्हाउचरला पावती. संस्थेची नोंदणी, अन्न आणि इमारतीचे परवाने, विमा यांची यादी आपल्या भागातल्या जाणकार वकिलाकडून आधीच करून घ्या.

उघडण्याआधी आणि नंतर

गाजावाजा न करता सहा आठवडे, आठवड्याचे दोन दिवस केंद्र चालवून बघा. व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, वाचता न येणारी एक, तान्हं मूल घेतलेली एक आई यांना मानधन देऊन बोलवा आणि फाटकापासून शेवटच्या खोलीपर्यंत जायला सांगा. सोबत चालताना बोलू नका, फक्त अडलं तिथे खूण करा. वेळा थोड्या ठेवा पण मोडू नका, एक संध्याकाळ कामावरून सुटणाऱ्यांसाठी ठेवा. बंद दार बघून परत गेलेला माणूस बहुतेकदा पुन्हा येत नाही.

दरमहा चार आकडे पुरेत: नवीन किती आले, पहिल्या भेटीसाठी सरासरी किती दिवस थांबावं लागलं, किती जणांचं काम पूर्ण झालं, किती जणांना नाही म्हणावं लागलं. 'एकूण भेटी' हा आकडा अहवालात छान दिसतो, पण काम झालं की नाही ते त्यातून कळत नाही. तक्रारपेटी स्वागताच्या नजरेआड लावा आणि तिची किल्ली केंद्राबाहेरच्या विश्वासू व्यक्तीकडे ठेवा.

चौथ्या आकड्यासाठी वेगळी वही करा. जेव्हा जेव्हा 'हे आमच्याकडे होत नाही' म्हणावं लागलं, तेव्हा नाव न लिहिता तारीख, काय मागितलं होतं आणि कुठे पाठवलं एवढं त्याच दिवशी नोंदवायचं. सहा महिन्यांनी ती वही कार्यकारिणीपुढे ठेवा आणि मागण्या मोजा. तिसरी किंवा चौथी सेवा कोणती, हे त्यातल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या मागणीपासून तपासायला घ्या, आणि तिच्यासाठीही तोच कागद पुन्हा काढा: दारातून आत आल्यापासून काम होईपर्यंत.